कर्ज फेडायचंय आणि सण दाराशी आलेत: पोळ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा हिशोब

मानेवाड्यातल्या आमच्या महिला बचत गटाची वही मी लिहिते. कर्जाच्या मागण्या वर्षभर येतच असतात, पण दोनदा त्यांची रांग लागते. एकदा जूनमध्ये, शाळा उघडताना, आणि दुसऱ्यांदा दिवाळी आटोपली की. जूनच्या अर्जात कारण स्पष्ट असतं: फी, गणवेश, पुस्तकं. दिवाळीनंतरच्या अर्जात नुसतं ‘घरखर्च’ लिहिलेलं असतं. शेजारी बसवून विचारलं की हळूहळू बाहेर येतं, कार्डाचं बिल, मोबाईलची किस्त, जावेकडून घेतलेले हातउसने.

चार वर्षांपूर्वी असाच एक अर्ज माझा होता. भाऊबीजेला मी माहेरी होते. ओवाळणीचं ताट खाली ठेवलं आणि फोनवर मेसेज दिसला: खात्यात रक्कम नसल्यामुळे किस्त परत गेली. त्याचा दंड बँकेनं वेगळा घेतला, कर्ज देणाऱ्या कंपनीनं वेगळा. तेव्हा कार्डावर 40 हजार थकले होते, टीव्हीची किस्त चालू होती आणि दिराचे 15 हजार द्यायचे होते. हे सगळं फिटायला आम्हाला सव्वादोन वर्षं लागली. त्या काळात दोनदा दिवाळी आली, आणि दोन्ही वेळा आमच्या घरी दिवे लागले, फराळ झाला, महालक्ष्म्याही (गौरी) बसल्या. ते कसं जमवलं, ते क्रमानं सांगते.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘दिवाळीत फार खर्च झाला’ असं आपण म्हणतो, पण वहीत तसं दिसत नाही. आपल्या नागपुरात पोळा आला की माळ सुरू होते. पोळा, तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न. तीन महिन्यांत हे सगळं. प्रत्येक सणाचा खर्च एकटा पाहिला तर लहान वाटतो, ‘एवढं तर करावंच लागतं’ असा. दिवाळीपर्यंत हातातले पैसे संपलेले असतात, म्हणून दिवाळीत कार्ड बाहेर निघतं. त्यामुळे हिशोब एकेका सणाचा करायचा नाही. पोळ्याच्या आधी बसून पूर्ण हंगामाचा एकच करायचा.

पहिलं काम: कर्जाची यादी, एका पानावर

पोळ्याच्या दोन-तीन आठवडे आधी एखाद्या रविवारी नवरा-बायकोनं सोबत बसायचं. पानावर पाच रकाने आखा: कोणाचं देणं, किती बाकी, व्याज किती, किस्त किती, किस्तीची तारीख. हातउसनेही लिहा, किराणा दुकानाची उधारीही लिहा, भिशी आधीच उचलली असेल तर तिचे राहिलेले हप्तेही लिहा. भिशी उचलली म्हणजे तेही कर्जच झालं, हे आमच्या गटातल्या निम्म्या बायकांच्या लक्षातच येत नाही.

एखादं जुनं कर्ज विसरल्याची शंका असेल तर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट मागवा. आपल्या सगळ्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, म्हणजे क्रेडिट ब्यूरो, असतात. त्या प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बंद केलं असं वाटलेलं एखादं कार्ड त्यात चालू दिसतं आणि त्यावर वार्षिक फी चढत असते, असं आमच्या गटात घडलेलं आहे.

मग यादी व्याजाप्रमाणे लावा, सगळ्यात महाग कर्ज सगळ्यात वर. बहुतेक घरांत वर क्रेडिट कार्डच येईल. त्याचं गणित मी आमच्याच आकड्यांनी सांगते, कारण ते समजलं त्या दिवशी मी कार्ड पाकिटातून काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.

थकबाकी 40,000 रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 1,400 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 252. एकूण 1,652. बिलावर ‘किमान देय रक्कम’ होती साधारण पाच टक्के, म्हणजे 2,000. मी दर महिन्याला तेवढे इमानदारीनं भरत होते आणि मला वाटत होतं कर्ज फिटतंय. प्रत्यक्षात 2,000 भरल्यावर मुद्दल कमी व्हायचं फक्त 348 रुपये.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मागची थकबाकी असताना कार्डावर नवीन खरेदी केली तर ते 45-50 दिवसांचं बिनव्याजी मिळत नाही. गांधीबागेत आज साडीसाठी कार्ड घासलं की आजपासूनच त्या साडीवर व्याज सुरू. म्हणून ज्यांच्या कार्डावर बाकी आहे त्यांच्यासाठी माझा एकच सल्ला आहे आणि त्याला अपवाद नाही: पोळ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत ते कार्ड वापरायचं नाही. ऑनलाइन दुकानांमध्ये आणि यूपीआयमध्ये कार्ड जोडलेलं असेल तर तिथूनही काढा. प्लास्टिक खणात ठेवून उपयोग नाही, फोनमध्ये ते जिवंत असतं.

दुसरं काम: किस्ती आधी, आणि चाळीस दिवसांच्या महिन्याची तयारी

यादीतल्या किस्तींच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेननं लिहा, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. आता दिवाळीचा आठवडा पाहा.

दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटाकडे आली की पुष्कळ ठिकाणी पगार आधी होतो, 20-22 तारखेला. सगळ्यांना आनंद होतो, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाय ठेवायला जागा नसते. पण तो पगार जास्तीचा नाही, एक तारखेचाच आहे. पुढचा पगार एकदम डिसेंबरच्या सुरुवातीला. मध्ये चाळीस दिवस, आणि त्यात 5 नोव्हेंबरची किस्त, दूध, वीजबिल, स्कूलव्हॅन, सगळं. माझी किस्त त्या वर्षी याच खड्ड्यात परत गेली होती, आणि गटातल्या दिवाळीनंतरच्या बऱ्याच अर्जांचं मूळ मला इथेच दिसतं.

उपाय साधा आहे. लवकर पगार आला की त्याच दिवशी, बाजारात जायच्या आधी, नोव्हेंबरच्या सगळ्या किस्ती आणि महिन्याचा किराणा-दूध यांचे पैसे बाजूला काढा. किस्त ज्या खात्यातून कापली जाते त्या खात्यात किस्तीचे पैसे टाका आणि त्या खात्याचं यूपीआय बंद ठेवा. दुसरं एखादं खातं सणाच्या खर्चासाठी ठेवा, फोनवर तेवढंच जोडा. आमच्याकडे घरवाल्यांचं पगाराचं खातं किस्तीचं आहे आणि माझं पोस्टातलं खातं सणांचं.

तिसरं काम: हंगामाचा एकच हिशोब

मागच्या वर्षीचा खर्च आठवून लिहू नका, आठवण नेहमी कमी सांगते. बँकेचं पासबुक आणि फोनमधला यूपीआयचा इतिहास ऑगस्ट ते नोव्हेंबर उघडा आणि एकेक रक्कम कोणत्या सणाची ते लिहा. रोखीचा खर्च अंदाजानं धरा. आमचा पहिला हिशोब असा निघाला होता: पोळा आणि बोजारा (तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन दारी येणाऱ्या मुलांना द्यायचे पैसे) 1,800, गणपती 4,200, महालक्ष्म्या 13,500, नवरात्र-दसरा 3,500, कोजागिरी 700, दिवाळी 29,000, तुळशीचं लग्न 300, गावी जाणं-येणं 3,000. एकूण 56,000. दिवाळीच्या 29,000 मध्ये कपडे 11,000, फराळ-मिठाई 5,500, घराचा रंग 4,000, फटाके 2,500 आणि भाऊबीज-देणंघेणं 6,000.

56,000 हा आकडा आम्ही दोघांनी पहिल्यांदा पाहिला. कार्डाच्या थकबाकीपेक्षा तो मोठा होता. एकाही सणाला आम्ही उधळपट्टी केली नव्हती.

मग उलट्या बाजूनं मोजा: पोळ्यापर्यंत किती साठेल, त्या तीन महिन्यांच्या पगारातून किस्ती आणि घरखर्च काढून किती उरेल, बोनस मिळत असेल तर त्यातला किती भाग सणाला द्यायचा. या बेरजेच्या बाहेर एक रुपया नाही. आमची बेरीज 31,000 आली. म्हणजे 25,000 कमी करायचे होते.

कापताना सगळीकडे सारखी कात्री लावू नका. त्यानं सगळेच सण फिके होतात आणि घरात चिडचिड वाढते. जिथे पैसा जास्त जातो आणि सणाशी त्याचा संबंध कमी आहे, तिथे खोल कापा. तुळशीच्या लग्नाचे 300 आम्ही 300 च ठेवले. गावी जाण्याचे 3,000 ही तसेच ठेवले, कारण सासरे थकलेले होते. रंगाचे 4,000 चे 800 झाले: फक्त समोरची भिंत आणि दार, तेही आम्हीच रंगवलं. फटाक्यांचे 500, आणि ते पैसे मुलांच्या हातात दिले, काय घ्यायचं ते त्यांनी ठरवलं. धाकट्यानं अर्धे वाचवून क्रिकेटचा बॉल आणला.

चौथं काम: घरात बोला, आकड्यासकट

हे काम सगळ्यात अवघड. ‘यंदा जरा कमी करू’ हे वाक्य काही कामाचं नाही, कारण प्रत्येकाच्या मनातलं ‘कमी’ वेगळं असतं. आकडा सांगा. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांनाही सांगा. त्यांना घरातलं सगळं कळत असतं.

मला सगळ्यात भीती सासूबाईंची होती. महालक्ष्म्यांच्या जेवणात पंचवीस-तीस पानं उठायची आमच्याकडे. मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि कर्जाचं पानही दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आंबील, पुरण, सोळा भाज्या आन् फुलोरा, एवढं चुकवू नको. बाकी सारं आपणच वाढवत गेलो. माझ्या सासूच्या वेळी भजीसुद्धा नसे.” त्या वर्षी आम्ही सवाष्ण, ब्राह्मण आणि घरचे मिळून बारा पानं वाढली. शेजाऱ्यांना संध्याकाळी हळदीकुंकवाला आणि प्रसादाला बोलावलं. कोणाला काही वाटलं नाही.

घरातल्या मोठ्यांना विचारण्याची पद्धत महत्त्वाची. ‘काय काय कमी करू’ असं विचारलं तर ‘काही नको’ हेच उत्तर येतं. ‘काय चुकलं तर तुम्हाला सण झाल्यासारखा वाटणार नाही’ असं विचारा.

भावंडांना आणि नणंदा-जावांना दिवाळीच्या महिनाभर आधी कळवा. भाऊबीजेच्या दिवशी ताटात कमी टाकलं तर ते लागतं, आधी सांगितलं तर लागत नाही. मी माझ्या भावाला असं लिहिलं होतं: ‘दादा, यंदा आम्ही कर्ज फेडून राहिलो. ओवाळणीत 101 च्या वर टाकू नको, मीसुद्धा भाच्यांना कपडे न आणता घरचे लाडू आणीन.’ त्याचा लगेच फोन आला. त्याचीही गाडीची किस्त चालू होती आणि त्यालाही हेच म्हणायचं होतं.

पाचवं काम: एकेका सणाला हात घाला

तान्हा पोळा. लहान मुलांच्या घरी लाकडी नंदी दरवर्षी थोडा मोठा घ्यायची चढाओढ लागते. जुना नंदी माळ्यावरून काढा, सँडपेपरनं घासा, छोट्या डबीतल्या ऑइलपेंटनं रंगवा, नवीन झूल शिवा. मुलानं स्वतः रंगवलेला नंदी तो जास्त मिरवतो. बोजाऱ्यासाठी आधीच दहा-दहाची नाणी किंवा नोटा काढून वाटीत ठेवा. वाटी संपली की चॉकलेट. गल्लीतली वीस मुलं आली आणि सुटे नाहीत म्हणून पन्नास-पन्नासच्या नोटा गेल्या, असं आमच्याकडे झालेलं आहे.

महालक्ष्म्या. मोठी बचत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. दोन गौरींना दोन नव्या साड्या लागतात, आणि त्या नंतर प्रसाद म्हणून घरातल्या बायकाच नेसतात. मग दिवाळीला पुन्हा साड्या कशाला? गौरींच्या साड्या घेतानाच सासू-सुनेच्या किंवा जावा-जावांच्या आवडीच्या घ्यायच्या आणि त्याच दिवाळीत नेसायच्या. आमच्या कपड्यांच्या 11,000 चे 5,000 झाले त्यात याचा मोठा वाटा होता.

सोळा भाज्या शेवटी एकाच पातेल्यात जातात, प्रत्येकीची मूठभर पुरते. पण एकटीनं घ्यायला गेलं की प्रत्येक भाजी पावशेर घ्यावी लागते, आणि त्या सकाळी दारावरच्या गाडीवर भाव चढलेलेच असतात. आमच्या ओळीतल्या चार घरी महालक्ष्म्या असतात. आम्ही दोघी आदल्या दिवशी पहाटे कॉटन मार्केटला जाऊन चारही घरांच्या मिळून आणतो आणि अंगणात पेपर पसरून वाटे घालतो. चण्याची डाळ, गूळ, तेल इतवारीतल्या किराणा ओळीतून मोठ्या मापानं, तसंच वाटून. मखर आणि सजावट मात्र दरवर्षी नवी घ्यायची गरज नाही. पडदे आणि लाइटच्या माळा शेजारणीशी अदलाबदल केल्या की तिचंही घर नवं दिसतं, तुमचंही.

दीर-जाऊ वेगळे राहत असतील आणि दोघांकडे महालक्ष्म्या बसत असतील, तर एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असं चालतं का, ते मोठ्यांना विचारा. काही घरांत चालतं, काहींत चालत नाही. चालत नसेल तर ओढाताण करू नका.

पितृपक्ष. या दिवसांत बाजार शांत असतो. नवीन कपडे घेऊ नयेत असं जी घरं मानतात त्यांनी घेऊ नयेत, पण भाव पाहून यायला काही हरकत नाही. गांधीबागेतल्या दोन-तीन दुकानांत फिरून मुलांच्या मापाच्या कपड्यांचे भाव वहीत लिहून आणले की दिवाळीच्या गर्दीत ‘पन्नास टक्के सूट’ची पाटी पाहून फसायला होत नाही. दिवाळीला लागणारे कोरडे जिन्नस, पणत्या, वाती हेही याच पंधरवड्यात आणून ठेवा.

दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली तेव्हापासून दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, आणि कित्येक घरांत गावाकडचे पाहुणे दोन-तीन दिवस मुक्कामाला असतात. आमच्या गटातल्या एका ताईंकडे दरवर्षी पंधरा-सोळा माणसं असतात. ‘पाहुण्यांना नाही कसं म्हणू’ असं त्या म्हणत, आणि त्यांचं खरंच होतं. आता त्या महिनाभर आधी गावाकडे निरोप देतात: येताना तांदूळ आणि तुरीची डाळ घेऊन या. गावाकडच्यांना ते पिकतंच, त्यांना आनंदच होतो. इथला खर्च भाजी, तेल आणि चहा-साखरेवर येतो.

सोनं. दसऱ्याला आणि धनत्रयोदशीला ‘थोडं तरी सोनं घ्यावं’ म्हणणारे भेटतीलच. कर्ज असताना घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. समजा 20,000 रुपयांच्या सोन्याची अंगठी घेतली. घडणावळ 12 टक्के धरली तर 2,400. एकूण 22,400 वर तीन टक्के जीएसटी 672. तुम्ही दिले 23,072. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर घडणावळ आणि जीएसटी परत येत नाही, म्हणजे तीन हजारांवर पाणी सोडलं, आणि तिकडे कार्डाचं व्याज चालूच. दसऱ्याला आपट्याची पानं आहेत. धनत्रयोदशीचा नैवेद्य धने-गुळाचा आहे आणि लक्ष्मीपूजनाला पूजा नव्या केरसुणीची होते. आपल्या आज्यांनी हे सण याच वस्तूंनी केले.

फराळ. चार घरांनी चार जिन्नस वाटून घ्या. एकीकडे चकली, एकीकडे चिवडा, एकीकडे बेसनाचे लाडू, एकीकडे शंकरपाळे. एक किलो बेसन, अर्धा किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखरेत पन्नासेक लाडू होतात. दीड किलोचे केले तर चार घरांना पुरतात. एकाच घरी तळण झालं की तेल चार कढयांत उरत नाही. मिठाईचा बॉक्स फक्त जिथे द्यायलाच हवा तिथे, आणि त्याची यादी नावानिशी आधी लिहा. आमच्या यादीत चौदा नावं होती, त्यातली पाच नावं का होती ते आम्हालाही सांगता आलं नाही.

सहावं काम: दुकानातली गोड वाक्यं ओळखा

“ताई, आत्ता पैसे द्यायचेच नाहीत, जानेवारीपासून किस्त.” आमचा टीव्ही याच वाक्यावर घरी आला. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे व्याज नाही असं सगळ्यांना वाटतं. तिथे उभं राहून एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती? समजा टीव्हीची किंमत 30,000 आणि सहा किस्ती 5,000 च्या. रोखीचा भाव 28,500 सांगितला तर ते 1,500 हेच व्याज आहे. कार्डावरच्या ईएमआयला त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 270, प्रोसेसिंग फी 299 आणि तिच्यावर 54. म्हणजे 2,123 रुपये जास्तीचे. जुना टीव्ही चालत असेल तर दिवाळी हे नवा घेण्याचं कारण नाही. फ्रीज खरंच बंद पडला असेल तर घ्यावाच लागेल, पण मग हंगामाच्या हिशोबात तो लिहा आणि तेवढं दुसरीकडे कमी करा.

फोनवर झटपट कर्ज देणारी ॲप्स दिवाळीत फार दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जाचे पैसे सरळ तुमच्या खात्यात आले पाहिजेत, खर्चासकट खरा व्याजदर सांगणारं माहितीपत्रक आधी मिळालं पाहिजे, आणि कर्ज परत करून बाहेर पडण्यासाठी काही दिवसांची सवलत असली पाहिजे. जे ॲप तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायची परवानगी मागतं, ते त्याच क्षणी काढून टाका. वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत. धमकावत असतील तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

वस्तीत शेकडा पाच-दहानं पैसे फिरवणारे असतात, ते तर कार्डापेक्षाही महाग. महिन्याला शेकडा दहा म्हणजे वर्षाला 120 टक्के. सावकारीचा धंदा करायला महाराष्ट्रात परवाना लागतो. बिनपरवाना सावकाराविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करता येते.

सातवं काम: बोनस हातात यायच्या आधीच वाटा

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणारी बरीच घरं आमच्या गटात आहेत. कायद्यानं पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस मिळतो, जास्तीत जास्त 20 टक्के. तो येतो नेमका बाजार भरलेला असताना. म्हणून वाटणी महिनाभर आधी वहीत लिहा. आमच्याकडे 18,000 आले तेव्हा 10,000 कार्डावर, 6,000 सणाच्या खात्यात, 2,000 राखीव. बोनस आला त्या संध्याकाळी घरवाल्यांनी बसमधूनच 10,000 कार्डावर भरले. त्या एका भरण्यानं दर महिन्याचं व्याज जीएसटीसकट 413 रुपयांनी कमी झालं.

जास्तीचे पैसे नेहमी यादीतल्या वरच्या कर्जावरच टाका. एक सूट मी स्वतः घेतली: दिराचे 15 हजार बिनव्याजी होते, तरी त्यातले पाच दिवाळीआधी दिले. त्यांच्याकडेही सण होता आणि त्यांनी मागितले नव्हते. नात्यातल्या उसन्याचं व्याज आकड्यात दिसत नाही, पण ते असतं.

वैयक्तिक किंवा ग्राहक-वस्तूंचं कर्ज मुदतीआधी फेडणार असाल तर आधी करार वाचा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं आणि धंद्यासाठी नसलेलं कर्ज असेल तर वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. ठरावीक दराच्या कर्जाला फी असू शकते, मग ती फी आणि वाचणारं व्याज दोन्ही मांडून बघा.

आठवं काम: रोज रात्री दोन मिनिटं

खरेदीच्या दिवसांत सणाचे पैसे जमेल तितके रोख ठेवा, प्रत्येक खर्चाचं वेगळं पाकीट करून वर नाव लिहा. बर्डीवर जाताना फक्त त्या दिवसाचं पाकीट न्या. रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं: आज काय गेलं, कुठल्या पाकिटातून, किती उरलं. एका पाकिटातून दुसऱ्यात उसनं घेतलं तरी चालेल, पण लिहा. आमच्याकडे कपड्यांचं पाकीट दरवर्षी फराळाकडून दीड-दोनशे घेतं.

तरी हात सुटलाच, कार्डावर खर्च झालाच, तर डिसेंबरची वाट पाहू नका. बिलाची तारीख यायच्या आत जमेल तेवढं भरा, अगदी 500-500 करून. रोजच्या थकबाकीवर व्याज लागतं, त्यामुळे आधी भरलेल्या प्रत्येक रुपयाचा फायदा होतो. किस्त चुकणार असं दिसत असेल तर ती परत जायच्या आधी शाखेत जाऊन बोला. चुकल्यावर गेलं की दंडावरच चर्चा होते. बचत गटात असाल तर गटाच्या कमी व्याजाच्या कर्जातून कार्ड बंद करता येतं. मी तेच केलं. अट एकच, कार्ड पुन्हा उघडायचं नाही.

तुळशीचं लग्न झालं की वही परत काढा. झालेला खर्च लिहा, ठरवलेल्याच्या शेजारी. त्याच आठवड्यात पोस्टात किंवा बँकेत आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची ठेव, सुरू करा. कार्डावर व्याज चालू असताना आरडी कशाला, असं मला गटात नेहमी विचारतात. हिशोबानं ते बरोबर आहे, आणि कार्ड असेपर्यंत आरडी छोटीच ठेवावी, महिन्याला पाचशे-हजार. पण पोळ्याला हातात काहीच नसलं की कार्डच बाहेर येतं, हे मी आमच्याच घरात दोनदा पाहिलं आहे. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणून यासाठी बँकेची किंवा पतसंस्थेची कमी मुदतीची बरी. उघडताना पुढच्या वर्षीचा पोळा कोणत्या तारखेला आहे ते कॅलेंडरमध्ये पाहून घ्या, आणि मुदत अशी ठरवा की पैसे त्याच्या आठवडाभर आधी हातात येतील.